वीट वाचवतो कोण? : लॉरी बेकर यांच्या कामाचे परीक्षण

'पर्यावरणपूरक इमारत' हा विषय आता शाळेच्या पुस्तकांतून आणि प्रकल्पवह्यांतून चांगलाच रुळला आहे. मुले छतावर सौरपट्ट्या रंगवतात, गच्चीवर झाडे काढतात, पावसाचे पाणी टाकीत सोडतात. इमारत कशाची आहे हे त्यांना सांगता येते. ती कोणी बांधली, आखणी करणाऱ्याच्या कार्यालयात काम कसे चालले, कोणाला कशाबद्दल पैसे मिळाले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आम्हाला असे वाटते, की ऊर्जा आणि साहित्य यांच्या बचतीचा बराचसा निकाल याच प्रश्नांवर लागतो. हे म्हणणे पारखून पाहण्यासाठी आम्ही लॉरी बेकर यांचे केरळमधील काम निवडले आहे. त्यांच्यावर आजवर कौतुकाचे पुष्कळ लिहिले गेले आहे. कौतुकाला ते पात्र आहेतच. पण विज्ञान शिकवणाऱ्यांनी त्यांच्या भिंतींकडे मोजपट्टी घेऊनही पाहायला हवे.

माणूस आणि वास्तू

बेकर यांचा जन्म १९१७ सालचा, इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा. वास्तुकलेचे शिक्षणही तेथेच झाले. दुसऱ्या महायुद्धात ते क्वेकर पंथीयांच्या वैद्यकीय मदत पथकाबरोबर चीनमध्ये होते. तेथून परतताना बोटीच्या प्रतीक्षेत त्यांना काही काळ मुंबईत थांबावे लागले आणि त्या मुक्कामात गांधीजींची भेट झाली. १९४५ साली ते कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या एका मिशनच्या इमारती बांधण्यासाठी भारतात आले आणि येथलेच झाले. केरळच्या डॉक्टर एलिझाबेथ जेकब यांच्याशी १९४८ मध्ये विवाह झाल्यावर या दांपत्याने पिथोरागडच्या डोंगरात अनेक वर्षे दवाखाना चालवला. १९६०च्या दशकात ते केरळात आले आणि पुढे तिरुवनंतपुरमला स्थायिक झाले. त्यांना १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. २००७ साली तिरुवनंतपुरम येथेच त्यांचे निधन झाले.

त्यांचे सर्वांत अभ्यासले गेलेले काम म्हणजे तिरुवनंतपुरमचे 'सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज' हे संकुल. अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांनी उभारलेल्या या संस्थेच्या बांधकामाला १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस प्रारंभ झाला. टेकडीच्या उतारावरील झाडे शक्यतो न तोडता, उतार सपाट न करता, उघड्या विटांच्या वळणदार भिंती येथे उभ्या राहिल्या. ग्रंथालय, वसतिगृहे, वर्ग, पुढे संगणककक्ष, अशा सगळ्या इमारतींत तीनच युक्त्या पुन्हापुन्हा दिसतात: पोकळ भिंत, कौले घातलेला स्लॅब आणि विटांची जाळी. या तिन्ही युक्त्या एकेक करून तपासू.

भिंतीचे गणित

पोकळ भिंतीला इंग्रजीत 'रॅट-ट्रॅप बाँड' म्हणतात. उंदराच्या सापळ्यासारखी पोकळी आत राहते, म्हणून हे नाव. नेहमीच्या नऊ इंची भिंतीत विटा पसरट बाजूवर निजवतात. येथे त्या कडेवर उभ्या करतात. दोन विटा समांतर, मध्ये तीन इंचांची फट आणि मग दोन्ही बाजूंना बांधणारी एक आडवी वीट, असा क्रम चालतो.

हे वर्गात करून पाहता येते. खऱ्या विटेचे माप ढोबळमानाने ९ × साडेचार × ३ इंच असते. त्याच प्रमाणात, म्हणजे ६ × ३ × २ सेंटिमीटरचे मातीचे किंवा लाकडाचे ठोकळे बनवावेत. २४ सेंटिमीटर लांब, १२ सेंटिमीटर उंच आणि ६ सेंटिमीटर जाड भिंत रचायची आहे. नेहमीच्या पद्धतीत एका थराची उंची २ सेंटिमीटर, म्हणून सहा थर, प्रत्येक थरात चार जोड्या, म्हणजे आठ ठोकळे, एकूण ४८. पोकळ पद्धतीत थराची उंची ३ सेंटिमीटर, म्हणून चारच थर; प्रत्येक थरात तीन ठोकळ्यांचा एक संच (दोन समांतर आणि एक आडवा) ८ सेंटिमीटर लांबी व्यापतो, म्हणजे तीन संच, नऊ ठोकळे; एकूण ३६. टोकांना जोडण्यासाठी लागणारे तुकडे सोडून दिले, तर बचत बरोबर पंचवीस टक्के येते. बेकर यांच्या पद्धतीबद्दल नेहमी सांगितला जाणारा पंचवीस टक्क्यांचा आकडा असा भूमितीतूनच निघतो. त्यासाठी कोणावर विश्वास ठेवण्याची गरज नाही.

या बचतीला ऊर्जेचे मोल आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील बी. व्ही. वेंकटराम रेड्डी आणि के. एस. जगदीश यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार एक भाजलेली वीट बनवायला सुमारे सव्वाचार मेगाज्यूल ऊर्जा लागते. शंभर विटांच्या भिंतीत पंचवीस विटा वाचल्या, तर सुमारे १०६ मेगाज्यूल, म्हणजे जवळजवळ २९ युनिट विजेइतकी ऊर्जा वाचते.

मात्र याच भिंतीबद्दल केला जाणारा दुसरा दावा इतका भक्कम नाही. 'आत हवा असल्यामुळे उष्णता आत येत नाही,' असे सांगितले जाते. स्थिर हवा उष्णतेची दुर्वाहक आहे हे खरे. पण तीन इंचांच्या फटीत हवा स्थिर राहत नाही, वरखाली फिरते. फटीच्या दोन बाजूंमध्ये प्रारणानेही उष्णता जाते. आणि आडव्या विटा या उष्णतेला आरपार जाण्यासाठी आयते पूल ठरतात. पाठ्यपुस्तकांत मिळणारे उष्णतावहनाचे नेहमीचे आकडे घेऊन आम्ही ढोबळ हिशेब केला, तेव्हा भरीव भिंतीच्या तुलनेत ही सुधारणा दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास भरली. ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही, पण चमत्कारही नाही. शिवाय तिरुवनंतपुरम विषुववृत्तापासून साडेआठ अंशांवर आहे. तेथे सूर्य बराच काळ डोक्यावर असतो आणि भिंतींपेक्षा छप्परच अधिक तापते. बेकर यांच्या घरांत जो गारवा जाणवतो, त्याचे श्रेय रुंद वळचणींना, वाऱ्याला मोकळ्या वाटांना आणि न तोडलेल्या झाडांना अधिक द्यावे लागेल.

कौलांचा स्लॅब आणि जाळीची हवा

दुसरी युक्ती स्लॅबची. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र जवळजवळ सोसत नाही. दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब वजनाने किंचित वाकतो, तेव्हा त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. तो ताण लोखंडी सळ्या घेतात. मग सळ्यांच्या मधले खालचे काँक्रीट काय करते? सळ्यांना वेढून गंजापासून वाचवणे आणि त्यांना वरच्या थराशी जखडून ठेवणे, एवढेच त्याचे काम. जेथे या कामाची गरज नाही, तेथे काँक्रीटऐवजी जुनी मंगलोरी कौले ठेवली, तर सिमेंट वाचते आणि स्लॅबचे वजनही घटते. या युक्तीमागचा विचार निर्दोष आहे. तरफ आणि ताण-दाब हे धडे शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही.

तिसरी युक्ती जाळीची. विटा अंतर सोडून रचल्या की खिडकीची चौकट, काच आणि गज यांचा खर्च वाचतो, उजेड विखरून येतो, वारा खेळतो. येथेही एक गैरसमज जोडीने फिरतो. अरुंद छिद्रातून जाताना हवेचा वेग वाढतो आणि म्हणून ती थंड होते, असे काही लेखांत वाचायला मिळते. हिशेब करून पाहावा. सेकंदाला ५ मीटर वेगाच्या हवेची गतिज ऊर्जा दर किलोग्रॅमला साडेबारा ज्यूल असते. एक किलोग्रॅम हवेचे तापमान एका अंशाने बदलण्यासाठी सुमारे हजार ज्यूल लागतात. म्हणजे वेग वाढल्यामुळे होणारी घट अंशाच्या ऐंशीव्या भागाएवढी. ती कोणत्याही शालेय तापमापीवर दिसणार नाही. जाळीशेजारी बसलेल्याला गार वाटते ते वाऱ्याने अंगावरचा घाम लवकर सुकतो म्हणून आणि जाड जाळीतून ऊन थेट आत येत नाही म्हणून. बेकर यांची जाळी उपयोगी आहे. तिचे समर्थन मात्र योग्य कारणाने व्हावे.

कार्यालय नसलेला वास्तुरचनाकार

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. यांपैकी एकही युक्ती गुप्त नाही. पोकळ भिंत बेकर यांच्या आधीपासून इंग्लंडात माहीत होती, जाळी तर आपल्याकडे शतकानुशतके आहे. बेकर यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात आणि स्वतःच्या रेखाचित्रांसह पुस्तिका काढून सगळे काही लोकांपुढे मांडले. तरीही आपल्या शहरांत ही पद्धत अपवादानेच दिसते. असे का व्हावे?

याचे एक उत्तर बेकर यांच्या दिनक्रमात सापडते. त्यांनी रूढ अर्थाने कार्यालय थाटलेच नाही. मदतनिसांची फौज नव्हती, नकाशे काढणाऱ्यांची रांग नव्हती. वापरलेल्या लिफाफ्यांच्या पाठीवर ते आराखडे काढत, हे त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे. ते बांधकामावर जात, गवंड्यांशेजारी उभे राहत आणि भिंत चढत असताना निर्णय घेत. एखाद्या झाडाची फांदी आड आली तर भिंत वळवली जाई. जुन्या घराची खिडकी स्वस्तात मिळाली तर तिच्या मापाचे भोक भिंतीत ठेवले जाई. असे बदल करण्यासाठी निर्णय घेणारा माणूस जागेवर असावा लागतो.

मोठ्या कार्यालयात काम वेगळ्या रीतीने चालते, आणि तसे ते चालण्याला कारणेही आहेत. तेथे नकाशा हा कराराचा भाग असतो. त्यावरून अंदाजपत्रक होते, निविदा निघतात, कंत्राटदार नेमला जातो. नंतर एक खिडकी हलवायची तर संरचना अभियंता, वीजकामाचा सल्लागार आणि कंत्राटदार या सगळ्यांचे कागद बदलावे लागतात. सरकारी कामात दरसूची असते. सूचीत नसलेल्या कामाचे दर वेगळे मांडून मंजूर करून घ्यावे लागतात. कनिष्ठ आर्किटेक्टचा दिवस संगणकावर तपशील भरण्यात जातो. त्याला वीट हाताळण्याची संधी क्वचितच मिळते. अशा व्यवस्थेत कोणाची इच्छा वाईट नसली, तरी परिचित आणि सूचीत असलेली वस्तूच निवडली जाते.

त्यात मानधनाची भर पडते. आर्किटेक्टचे मानधन बांधकामखर्चाच्या टक्केवारीत ठरवण्याची रीत आपल्याकडे सर्वमान्य आहे. समजा इमारतीचा खर्च १० लाख आणि मानधन ५ टक्के, म्हणजे ५० हजार. आर्किटेक्टने अधिक डोके चालवून, अधिक फेऱ्या मारून, गवंड्यांना नवी पद्धत शिकवून खर्च साडेसात लाखांवर आणला, तर त्याचे मानधन साडेसदतीस हजारांवर येते. काम वाढले आणि मिळकत साडेबारा हजारांनी घटली! काटकसर करणाऱ्याला दंड करणारी अशी व्यवस्था असताना, लोक काटकसर का करत नाहीत हा प्रश्न भाबडा ठरतो. बेकर यांनी ती केली, कारण त्यांच्या गरजा थोड्या होत्या आणि धर्मश्रद्धेने त्यांना साधेपणाची शिकवण दिली होती. पण संतवृत्तीवर एखादा व्यवसाय चालवता येत नाही. चार-पाच कनिष्ठांचे पगार द्यायचे असलेल्या कार्यालयाला तर नाहीच नाही.

परीक्षणातील उणी बाजू

येथेच बेकर यांच्या पद्धतीचा कच्चा दुवा दिसतो. ती बरीचशी एका माणसाच्या उपस्थितीवर उभी होती. हे त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले होते. १९८५ साली त्रिशूरला 'कॉस्टफोर्ड' ही संस्था स्थापन झाली. केरळचे माजी मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन तिचे अध्यक्ष होते. गवंड्यांना शिकवणे आणि याच पद्धतीने घरे बांधून देणे हे काम तिने हाती घेतले. एका व्यक्तीचे कसब संस्थेत उतरवण्याचा हा प्रयत्न आम्हाला बेकर यांच्या कोणत्याही एका इमारतीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

दुसरी उणीव काळाने आणली. बेकर यांची काटकसर हातांवर उभी होती. कारखान्यातला माल कमी आणि गवंड्याचे श्रम अधिक, म्हणजे पैसा गावात राहील, हा त्यामागचा विचार होता. आज केरळमधील बांधकाम मजुरी देशात सर्वाधिक असलेल्या राज्यांत मोडते. मजुराला चांगले वेतन मिळणे ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण त्यामुळे पोकळ भिंतीचे पैशातले गणित बदलते. वाचलेल्या विटांची किंमत आणि जास्त लागणारा गवंड्याचा वेळ यांची तुलना आता नव्याने करावी लागते. शिवाय तेथील बांधकामांवर बंगाल, आसाम, ओडिशा येथून आलेले कारागीर मोठ्या संख्येने असतात. आज या जागी, तर उद्या दुसऱ्या जागी, अशा कामात एकाच गुरूजवळ राहून शिकणे अवघड होते.

तिसरी गोष्ट विटेची. गांधीजींच्या मते आदर्श खेड्यातील घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्याचे असावे, आणि बेकर हा विचार वारंवार सांगत. भाजलेली वीट या कसोटीला अर्धवटच उतरते. माती जवळची असते, पण ती अनेकदा भातखाचरातून खणली जाते आणि भट्टीला लाकूड किंवा कोळसा लागतो. स्वतः बेकर यांनी मातीच्या घरांचा पुरस्कार करणारी पुस्तिका लिहिली, पण लोकांच्या नजरेत त्यांची ओळख लाल विटांचीच राहिली. पुढे तर उघड्या विटांचा तोंडवळा ही सधनांच्या बंगल्यांतील हौस झाली. आत पूर्ण काँक्रीटचा सांगाडा आणि बाहेर शोभेची वीट, अशा घराला 'बेकर शैली' म्हणणे हे त्यांच्या विचारांच्या अगदी उलट आहे.

कार्यालयही प्रयोग करू शकते

मग मोठ्या कार्यालयाने हात टेकावेत काय? तसे नाही. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादमध्ये स्वतःच्या कार्यालयाची 'संगत' ही वास्तू १९८०च्या सुमारास उभारली. ती अंशतः जमिनीत दडलेली आहे. तिच्या कमानदार छपरात मातीच्या पोकळ नळ्यांचा थर आहे आणि वरून पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांचे आवरण ऊन परतवते. येथे काम शिकणारे तरुण रोज त्या छपराखाली बसत. चूक झाली, तर ती त्यांच्याच डोक्यावर तापणार होती. आखणी करणाऱ्याला आपल्या आखणीचे परिणाम भोगावे लागणे, हा शिक्षणाचा उत्तम मार्ग आहे. बेकर बांधकामावर उभे राहून जे साधत, ते दोशींच्या कार्यालयाने वेगळ्या वाटेने काही अंशी साधले.

आजच्या हरित गुणांकनाकडेही याच नजरेने पाहावे. हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला २००३ साली अमेरिकेतील 'लीड' पद्धतीचे सर्वोच्च मानांकन मिळाले, तेव्हापासून आपल्याकडे या गुणांकनाची चर्चा वाढली. पुढे 'गृह' ही भारतीय पद्धतही आली. यांमुळे ऊर्जा मोजण्याची सवय लागली, हा लाभ मोठा आहे. पण मोजणीचा रोख बराचसा इमारत वापरताना लागणाऱ्या विजेवर आणि सादर केलेल्या कागदपत्रांवर असतो. रेड्डी आणि जगदीश यांच्या अभ्यासात दर चौरस मीटर बांधकामाला काँक्रीटच्या सांगाड्याच्या बहुमजली इमारतीत ४.२१, वजन पेलणाऱ्या विटांच्या भिंतींच्या इमारतीत २.९२ आणि सिमेंट मिसळलेल्या मातीच्या ठोकळ्यांच्या दुमजली इमारतीत १.६१ गिगाज्यूल ऊर्जा खर्ची पडलेली आढळली. एक दिवाही लागण्यापूर्वीचा हा फरक आहे, आणि तो आखणीच्या टेबलावरच ठरतो. अर्थात उंच बहुमजली इमारत मातीच्या ठोकळ्यांनी सहसा बांधता येत नाही, हेही विसरू नये. दाट वस्तीच्या शहराला हे आकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत.

वर्गासाठी

आमचा निष्कर्ष असा. बेकर यांची भिंत तपासणीत उतरते. तिच्याभोवतीची काही स्पष्टीकरणे उतरत नाहीत. आणि तिच्या प्रसाराला अडसर आहे तो मुख्यतः कामाच्या पद्धतीचा: टक्केवारीचे मानधन, जागेपासून दूर असलेले टेबल आणि गवंड्याला शिकण्यासाठी न मिळणारा वेळ. मानधन खर्चावर न ठरवता क्षेत्रफळावर किंवा दिलेल्या वेळावर ठरवणे, कनिष्ठांना काही महिने बांधकामावर पाठवणे, गवंड्याच्या शिकण्याच्या दिवसांचे पैसे अंदाजपत्रकातच धरणे, हे उपाय अशक्य कोटीतले नाहीत.

शिक्षकांनी मुलांना आपल्या गावातील एखादे चालू बांधकाम दाखवून पुढील चार प्रश्न विचारायला सांगावेत. एका चौरस मीटर भिंतीला किती विटा लागल्या? वीट, वाळू आणि सिमेंट किती अंतरावरून आले? भिंत कोठे असावी हे कोणी ठरवले आणि ती व्यक्ती शेवटची येथे केव्हा आली होती? गवंडी हे काम कोणाकडून आणि किती दिवसांत शिकला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मोजून मिळतील. शेवटच्या दोहोंसाठी माणसांशी बोलावे लागेल. दोन्ही प्रकारची उत्तरे प्रकल्पवहीत एकाच पानावर लिहून घ्यावीत.